एच-वन म्हणजे मोठं अक्षर नव्हे

मामेबहिणीची प्रॅक्टिकल फाइल दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होती. ती बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, छत्रपती संभाजीनगरातल्याच एका कॉलेजात. "दादा, सबमिशनच्या आधी एकदा नजर टाक फक्त," म्हणून देऊन गेली. मी नजर टाकली आणि उठून माळ्यावरची पेटी खाली काढली. पेटीत माझी 2012 ची फाइल होती. तेव्हा शहर औरंगाबाद होतं, कॉलेज वेगळं होतं, फाइलचं कव्हर मात्र तेच निळं.

दोन्ही फायली शेजारी ठेवल्या. पहिलं प्रॅक्टिकल: सहा हेडिंगं दाखवणारं पान तयार करा. दुसरं: फॉन्ट टॅग वापरून अक्षरांचा रंग आणि आकार बदला. तिसरं: मार्की टॅगने अक्षरं सरकवा. मग टेबल वापरून टाइमटेबल, मग फ्रेमसेट, मग रजिस्ट्रेशनचा फॉर्म. शेवटी सीएसएस, तेही एकच, सेमिस्टर संपता संपता घाईत उरकलेलं. बारा-तेरा वर्षांत देशात काय काय बदललं, शहराचं नाव बदललं, पण 'वेलकम टू माय होमपेज' ही ओळ आजही उजवीकडून डावीकडे सरकतेच आहे.

मी एरवी कथासंग्रहांवर लिहितो आणि पोटासाठी वेबसाइटी बांधतो. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध नाही, असं बरीच वर्षं वाटायचं. या फायली वाचताना वाटलं की हाही एक मजकूरच आहे. महाराष्ट्रातल्या हजारो पोरापोरींनी तो निळ्या पेनाने उतरवून काढलाय, आणि एखाद्या कादंबरीला विचारावेत ते प्रश्न त्याला कुणी विचारलेले नाहीत. हा मजकूर कुणासाठी लिहिलाय? यात माणसं आहेत का? तो काय सांगतोय आणि सांगता सांगता काय गिळतोय?

आधी त्याचं भलं बोलून घेतो. नोटपॅडमध्ये चार ओळी टाइप करायच्या, फाइल सेव्ह करताना शेवटी डॉट एचटीएमएल लावायचं, डबल क्लिक करायचं, आणि आपण लिहिलेलं ब्राउझरमध्ये उघडलेलं बघायचं. हा क्षण त्या फाइलनेच मला दिला. आमच्या लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर तिघं बसायचो, त्यात लाइट जायची. तरी माझं नाव लाल अक्षरांत स्क्रीनवर उमटलं तेव्हा मी मागे वळून बघितलं होतं, कुणी बघतंय का म्हणून. दहावीपर्यंत कॉम्प्युटरला हात न लावलेल्या पोराला यंत्र आपलं ऐकतं हे कळणं ही लहान गोष्ट नाही. सीएसएस, जावास्क्रिप्ट, फ्रेमवर्क असं सगळं पहिल्याच दिवशी अंगावर टाकलं असतं तर मी त्याच आठवड्यात कॉमर्सला गेलो असतो.

तेव्हा तक्रार सोपेपणाबद्दल नाही. तक्रार अशी की हे सोपं करताना एक चूक शिकवली गेली, आणि ती पहिल्याच पानावर आहे.

माझ्या फाइलमध्ये पहिल्या प्रॅक्टिकलखाली 'निष्कर्ष' म्हणून एक ओळ आहे: एच-वन सर्वांत मोठे हेडिंग असून एच-सिक्स सर्वांत लहान आहे. खाली सरांची सही. बहिणीच्या फाइलमध्ये हेच इंग्रजीत आहे, खाली मॅडमची सही. पोरांनी स्वाभाविकपणे याचा अर्थ असा घेतला की मोठं अक्षर हवं तर एच-वन आणि लहान हवं तर एच-सिक्स. पुढच्याच आठवड्यात फॉन्ट टॅग आला. त्यात आकारही मिळतो आणि रंगही, मग हेडिंगची गरजच काय? मी त्यानंतरच्या एकाही प्रॅक्टिकलमध्ये हेडिंगचा टॅग वापरला नाही. फॉन्ट, साइज सहा, रंग निळा, वर बोल्ड. सरांना आवडायचं.

एच-वन म्हणजे मोठं अक्षर नव्हे. एच-वन म्हणजे 'या पानाचं शीर्षक हे आहे' असं विधान. ब्राउझर ते मोठं दाखवतो, कारण शीर्षक मोठं दाखवायची छापखान्यापासूनची सवय आहे. उद्या सीएसएसने ते बारीक करा, तरी ते शीर्षकच राहील. उलट, साध्या परिच्छेदाला कितीही फुगवा, तो फुगलेला परिच्छेदच. व्याकरणात याला कुणी हसणार नाही. कर्ता जोरात उच्चारला म्हणून कर्ता होत नाही, हे आपण सातवीत शिकतो. वेबच्या पहिल्या धड्यात मात्र आपण नेमकं उलटं शिकलो.

हे मला वर्गात कळलं नाही. होस्टेलवर कळलं.

शेवटच्या वर्षाला माझ्या शेजारच्या खोलीत उदगीरकडचा एक जण राहायचा, एम.ए. मराठी करणारा. त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याच्याकडे जुना लॅपटॉप होता आणि त्यावर एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केलेलं, फुकट मिळणारं हे सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतं. तो ते इतक्या वेगाने ऐकायचा की मला नुसती किणकिण ऐकू यायची. मी माझा फायनल प्रोजेक्ट, एका काल्पनिक पर्यटन कंपनीची वेबसाइट, त्याला कौतुकाने दाखवायला गेलो. 'दाखवायला' हाच शब्द माझ्या तोंडात होता.

त्याने पान उघडलं आणि एच ही की दाबली. एनव्हीडीएमध्ये एच दाबलं की पुढच्या हेडिंगवर उडी बसते. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो आणि ठळक ठळक टिपतो, तसं तो एच दाबत दाबत पान चाळतो. लॅपटॉपने सांगितलं, पुढे हेडिंग नाही. त्याने परत दाबलं. परत तेच.

"हेडिंगच नाही रे तुझ्या पानात."

मी म्हटलं, आहे की, निळ्या अक्षरात, हे एवढं मोठं.

"निळं?" तो म्हणाला आणि हसला. रागाने नाही. मग बाण दाबत खाली गेला. टेबल, तीन कॉलम. ओळ एक, कॉलम एक. आत परत टेबल. मी लेआउटसाठी टेबलात टेबल घातलं होतं, शिकवलंच तसं होतं. वेरूळच्या फोटोपाशी आल्यावर लॅपटॉपने फोटोच्या फाइलचं नाव वाचलं, कॅमेऱ्याने दिलेलं, अक्षरं आणि आकडे. "काय बनवायलास रे हे? मला नुसतं टेबल मोजायला लावायलास."

त्या प्रोजेक्टला मला पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळाले.

त्याच्या नोट्सची गोष्ट याहून वाईट होती. झेरॉक्सवाल्याकडून पेन ड्राइव्हवर आणलेल्या फायली क्रुतीदेवमध्ये टाइप केलेल्या होत्या. आता हे तुमच्यातल्या कित्येकांना माहीत नसेल, कारण तुम्ही फोनवर थेट युनिकोडमध्ये लिहिता. क्रुतीदेवसारख्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं रोमनच असतात, वर फक्त देवनागरीचा मुखवटा चढवलेला. डोळ्याला दिसतं 'मराठी'. आत असतं ई, जे, के, मोठा बी, एच. डोळस माणसाचा काही अडत नाही, तो मुखवट्यालाच चेहरा समजतो. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, तो आतलं वाचतो. माझ्या मित्राने मराठी साहित्याचा इतिहास उघडला की लॅपटॉप इंग्रजी उच्चारात काहीतरी भयाण बरळायचा. एका परीक्षेआधी मी आणि आणखी दोघांनी आळीपाळीने त्याला नोट्स मोठ्याने वाचून दाखवल्या. फाइल समोर होती, वाचणारं यंत्र होतं, ऐकणारा होता. तरी आम्ही लागलो.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्नमधून वर्ल्ड वाइड वेबची जाहीर ओळख करून दिली ती ऑगस्ट 1991 मध्ये. युनिकोडची पहिली आवृत्ती आली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, आणि तिच्यात देवनागरी होती. भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे मानकही 1991 चंच. त्यावर पुण्याच्या सीडॅकने मोठं काम केलेलं. म्हणजे वेब आणि वेबवर देवनागरी लिहायचा नियम जवळजवळ जुळे. मग वीस वर्षांनी माझा मित्र ई-जे-के का ऐकत होता? कारण बहुतेक कॉम्प्युटरांना युनिकोड देवनागरी नीट दाखवता यायला पुढची दहाएक वर्षं गेली, आणि तोवर डीटीपीवाल्यांचे हात मुखवट्याच्या फॉन्टवर पक्के बसले होते. ते समजू शकतो. न समजणारी गोष्ट ही की ज्या पेपरचं नावच वेब डिझायनिंग, त्यात हा फरक सांगणारा एक तासही नव्हता. त्या सहा महिन्यांत आम्ही मराठीचं एक अक्षर वेबपानावर लिहिलं नाही. फॉर्ममध्ये 'फर्स्ट नेम', 'लास्ट नेम', 'हॉबीज'. हॉबीजमध्ये 'स्विमिंग'. आमच्या गावात विहीर होती, पण ती हॉबी नव्हती.

बहिणीच्या फाइलमध्येही मराठी नाही. मॅडमना मराठीचं वावडं आहे असं नाही. शिकवतात त्या मराठीतूनच, 'टॅग क्लोज करायला विसरू नका गं' अशा. फाइलमधल्या पानाला वाचक आहे ही कल्पनाच मुळात नाही, मग त्याची भाषा कुठून येणार? प्रत्येक प्रॅक्टिकल एका टॅगचं प्रदर्शन आहे. टॅग दिसला की पान संपलं. ज्या कथेत एकही पात्र नाही, फक्त क्रियापदांची यादी आहे, तिला आपण कथा म्हणत नाही.

या शहरात तर हा प्रश्न शोभेचा नाही. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथं कॉलेज काढलं, पुढे त्याचं मिलिंद झालं. 1958 मध्ये विद्यापीठ आलं. शिक्षण कुणासाठी, दार कुणाला उघडं, या प्रश्नावर हे शहर अनेक वर्षं जळलंय आणि उभंही राहिलंय. इथल्या वर्गात आजही घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली पोरं बसतात. त्यांनी बांधलेलं पान त्यांच्या आईला वाचता येणार नाही, शेजारच्या खोलीतल्या मित्राला ऐकता येणार नाही, आणि कॉम्प्युटर विकत न घेऊ शकणाऱ्या त्यांना स्वतःलाही धड उघडता येणार नाही. हे शेवटचं कसं, ते सांगतो.

बहिणीने टाइमटेबलच्या प्रॅक्टिकलमध्ये टेबलाची रुंदी 1024 पिक्सेल दिली आहे. तिला विचारलं, हा आकडा कुठून आला? म्हणाली, फाइलमध्ये आहे. माझ्याही फाइलमध्ये आहे. हा कधीकाळच्या कॉम्प्युटर स्क्रीनचा आकडा. तिच्याकडे लॅपटॉप नाही. ती घरी फोनवरच्या एका एडिटर अॅपमध्ये सराव करते, दोन अंगठ्यांनी टॅग टाइप करत. तिचं टाइमटेबल तिच्या फोनवर मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. कारण फोनचा ब्राउझर अशा पानाशी एक लबाडी करतो: आपण साधारण 980 पिक्सेल रुंद असल्याचं सांगतो, पान मोठ्या स्क्रीनसाठी मांडतो आणि मग आवळून दाखवतो. 2007 मध्ये पहिल्या आयफोनसोबत अॅपलने हे आणलं आणि सोबत उताराही दिला, व्ह्यूपोर्ट नावाचा एक ओळीचा मेटा टॅग. ती ओळ लिहिली की फोन खरं बोलायला लागतो. दोन्ही फायलींत ती ओळ नाही. माझ्या फाइलला माफ करतो, तेव्हा आमच्या खिशात बटणांचे फोन होते.

गंमत बघा. सर्नने जपून ठेवलेलं वेबचं पहिलं पान आजही उघडता येतं. त्यात चित्र नाही, रंग नाही, रुंदीचा आकडा नाही. एक एच-वन आहे आणि खाली संज्ञा-स्पष्टीकरण अशी यादी. खिडकी अरुंद करा, ओळी आपोआप मोडून घेतात. माझ्या मित्राचा एच त्यावर चालतो. फोनवर अक्षरं बारीक दिसतात, पण काही तुटत नाही. म्हणजे वेब जन्माला आलं तेव्हा लवचीकच होतं. ते ताठ आपण केलं, छापील पानाची सवय घेऊन. जॉन ऑलसॉप यांनी 2000 सालीच एका प्रसिद्ध लेखात मांडलं होतं की कागदाचा ताबा वेबवर शोधू नका, ताबा नसणं हाच या माध्यमाचा गुण आहे. दहा वर्षांनी, 2010 मध्ये, त्याच नियतकालिकात ईथन मार्कोट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिलं. फॉन्ट आणि सेंटर हे टॅग तर त्याआधीच, डिसेंबर 1997 च्या एचटीएमएल 4.0 मध्ये, 'वापरू नका' या यादीत गेले होते. 2014 च्या एचटीएमएल फाइव्हने फ्रेमसेटलाही निरोप दिला, आणि मार्कीला कधी अधिकृत मान्यता नव्हतीच. मी फाइल लिहिली तेव्हा फॉन्ट टॅगच्या मरणाला चौदा-पंधरा वर्षं झाली होती. बहीण त्याचं वर्षश्राद्ध अजून घालते आहे.

शिकवणाऱ्यांना हे कळत नाही असं म्हणणं सोपं आहे आणि खोटं आहे. एका ओळखीच्या प्राध्यापकांना मी हा प्रश्न विचारला. ते तासिका तत्त्वावर शिकवतात, तीन कॉलेजांत. म्हणाले, "मार्की सरकतंय की नाही हे मला दहा सेकंदांत दिसतं. साठ पोरं असतात. हेडिंगची रचना बरोबर आहे का हे बघायला प्रत्येकाचं पान वाचावं लागेल." मला उत्तर देता आलं नाही. फाइल अशी का आहे, याचं त्याहून प्रामाणिक स्पष्टीकरण मी ऐकलेलं नाही. जे नजरेला पटकन दिसतं त्याला मार्क मिळतात, म्हणून नजरेला दिसणारं तेवढंच शिकवलं जातं.

पण दिसण्यापुरतं बोलायचं तरी देवनागरीचं दिसणं या अभ्यासात कुठे आहे? टेम्प्लेटमधून आलेली सीएसएस मराठीला लावून बघा. शीर्षकाच्या अक्षरांत जागा सोडणारा लेटर-स्पेसिंगचा नियम इंग्रजीत देखणा दिसतो, मराठीत शिरोरेघेचे तुकडे पाडतो, जणू वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी तुटली. ओळींची उंची इंग्रजीच्या मापाने आवळली की वरचा रफार खालच्या ओळीचा आणि वरच्या ओळीचा उकार एकमेकांना धडकतात. बटणावरच्या 'पूर्ण वाचा'मधला दीर्घ ऊकार कापला गेलेला तुम्ही रोज बघता, फक्त तिथे काही होतं हे लक्षात येत नाही. आणि ल, श? पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणं. राज्य सरकारने 2009 च्या निर्णयात ती मान्य केलेली. ज्या फॉन्टांत दोन्ही वळणांची सोय असते, त्यांना 'हा मजकूर मराठी आहे' असं सांगितलं तरच ते मराठी वळण काढतात, नाहीतर हिंदी. सांगायचं कुठे, तर पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये: लँग, बरोबर, एमआर. तेवढंच. स्क्रीन रीडर त्यावरूनच ठरवतो की आता मराठी आवाज लावायचा. नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरीपाशी येऊन अडखळतो, काही आवाज तर गुपचूप ओलांडून जातात.

बहिणीने मला विचारलं, "पण दादा, हे सगळं आता एआयच लिहून देतं ना? मी शिकून काय करू?" प्रश्न तिच्या वयाचा नाही, माझ्या पोटाचाही आहे. आम्ही लगेच करून बघितलं. मामाचं पैठण गेटकडे टेलरिंगचं दुकान आहे. तिने फोनवर एका चॅटबॉटला त्या दुकानासाठी मराठी पान मागितलं. पाच सेकंदांत देखणं पान आलं. फोनवर नीट बसणारं, व्ह्यूपोर्टसकट. तिच्या संपूर्ण सेमिस्टरपेक्षा सरस.

मग तिला म्हटलं, आता हे वाच. कोड वाच.

पहिल्या ओळीत लँग, बरोबर, ईएन. शीर्षकाला लेटर-स्पेसिंग. किमतींच्या यादीतली 'ब्लाउज', 'फॉल-पिको', 'अल्टर' ही नावं हेडिंगसारखी ठळक, पण आत साधे डबे. ब्लाउजच्या फोटोचं वर्णन इंग्रजीत: 'इमेज वन'. हे सगळं मी दाखवलं नाही. लँगची चूक मी दाखवली, बाकीच्या तिने काढल्या, कारण एकदा वाचायला बसल्यावर तिला थांबवणं कठीण होतं. फॉल-पिकोचा दर चुकलाय हेही तिनेच पकडलं, ते मला कुठलं कळायला.

फाइलबद्दल मला म्हणायचंय ते या संध्याकाळनंतर थोडं बदललं. टॅग जुने आहेत हा आरोप खरा असला तरी दुय्यम आहे. उद्या नवे टॅग घालून हीच फाइल परत छापतील. तिच्यात लिहिणं आहे, वाचणं नाही. आम्हाला कधीही दुसऱ्याचं पान उघडून त्याचा सोर्स वाचायला सांगितलं गेलं नाही. खरंतर वेबवर प्रत्येक पान आपलं हस्तलिखित सोबत घेऊन फिरतं, ज्याला बघायचं त्याने बघावं. आम्हाला कधी कुणी विचारलं नाही की हे पान माऊसशिवाय चालव, डोळे मिटून ऐक, आजीला दे. साठ पोरांची पानं मास्तरांनी वाचायची गरज नाही. पोरांनी एकमेकांची वाचावीत. एकाने ऐकावं, दुसऱ्याने बांधावं. त्याला ना नवा कॉम्प्युटर लागतो ना बजेट. बोलणारा स्क्रीन रीडर आता बहुतेक प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा अवकाश.

मामेबहिणीने फाइलमध्ये काहीही बदललं नाही. मी सांगितलंही नाही, एक्स्टर्नलला मार्की हवंच होतं. ते सरकलं, सही झाली. दुकानाचं पान तिने वेगळं दुरुस्त केलं, तीन रात्री अंगठ्यांनी, आणि मी त्याची लिंक उदगीरला पाठवली. माझा मित्र आता तिकडेच शिकवतो. रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागे त्याच्या फोनचा मराठी आवाज अजून काहीतरी वाचत होता.

"पोरीला सांग, सात हेडिंगं आहेत. पाचवं रिकामं आहे. आणि पिकोचे पैसे फारच कमी घेतो की तुझा मामा."